तिला कुणी विचारलं का?

आज ऑफिसात एकाचा वाढदिवस होता. इथे डेन्मार्कमधल्या आरहुसला वाढदिवसाच्या केकवर लाल-पांढरे कागदी झेंडे टोचतात. केक कापता कापता विषय निघाला इथल्या राजकारणी इंगर स्टॉयबर्गचा. "बाई खमकी आहे, बोलते ते करून दाखवते," एकजण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या घशाखाली घास उतरेना.

मला तो दुसरा केक आठवला. मार्च २०१७. परदेशी लोकांसाठीचे नियम पन्नासाव्यांदा कडक केले म्हणून या बाईंनी, तेव्हाच्या स्थलांतर मंत्र्यांनी, केक हातात धरून हसरा फोटो फेसबुकवर टाकला होता. वर झेंडा आणि ५० चा आकडा.

केकचं एक वेळ सोडा. त्याआधी, १० फेब्रुवारी २०१६ ला, त्यांच्या खात्यानं पत्रक काढलं होतं: आश्रयाला आलेल्या जोडप्यात एक जण अठराच्या आतला असेल, तर दोघांना एका छावणीत ठेवायचं नाही. कुणालाही सूट नाही. २३ जोडपी तोडली. कुणाला लेकरं होती, एक सतरा वर्षांची मुलगी पोटुशी होती. आधी त्या माणसाचं ऐकून घ्या, मग ठरवा, असं डेन्मार्कचाच कायदा सांगतो. कुणी ऐकलं?

माझ्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे बालविवाह किती वाईट ते मला कुणी शिकवू नये. जिच्यावर जबरदस्ती झाली तिला सोडवायलाच हवं, मान्य. पण आजीला दुसऱ्यांदाही कुणी विचारलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर काकांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा 'दोघांचा भार एकावर नको' म्हणून आजोबा धाकट्या काकांकडे सांगलीला आणि आजी थोरल्यांकडे इस्लामपूरला. बैठकीत सगळे बोलले. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपारी कातरत बसली होती. अडकित्त्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. घरात वाईट कुणीच नव्हतं. सगळे 'त्यांच्या भल्याचंच' बघत होते.

स्टॉयबर्गबाईही हेच म्हणत राहिल्या, मुलींच्या भल्यासाठी केलं. अहो, मग त्या मुलींशी बोलायला काय झालं होतं?

१३ डिसेंबर २०२१ ला मंत्र्यांसाठीच्या खास न्यायालयात २६ पैकी २५ न्यायाधीशांनी त्यांना या बेकायदा ताटातुटीबद्दल दोषी ठरवलं. साठ दिवसांची शिक्षा. आठ दिवसांत संसदेनं 'अयोग्य' म्हणून बाहेर काढलं. ज्या देशात मंत्र्याला अशी शिक्षा होते, त्या देशात मी राहते याचा तेव्हा फार अभिमान वाटला होता. शिक्षा त्यांनी पायाला पाळत ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा लावून घरीच भोगली. मग २०२२ च्या जूनमध्ये नवा पक्ष काढला आणि नोव्हेंबरात १४ जागा घेऊन संसदेत परत! लोकांनी निवडून दिलं, तो त्यांचा हक्क आहे, ठीक. आणि बाईंनी कधी तोंड लपवलं नाही, हेही खरं. पण खमकी? दुसऱ्याच्या संसारावर शिक्का मारायला कसला आलाय खमकेपणा?

हे सगळं तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

आजी दर गुरुवारी एसटीच्या कंडक्टरकडे कातरलेल्या सुपारीची पुडी द्यायची, सांगलीला पोचवायला. आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा ती बुधवारची रात्र होती. पुडी बांधून कोनाड्यात ठेवलेली होती.