छत्री बंद कर, हनी

परवा मुलीच्या सॉफ्टबॉलच्या मॅचला एका अनोळखी आजोबांनी मला छत्री मिटायला लावली आणि मी मिटली. मिटायला लावली याचा राग आहेच. मी निमूट मिटली याचा जास्त आहे.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो. मुलगी दहावीत, शाळेच्या टीममध्ये सेकंड बेसला खेळते. जॉर्जिया राज्यात हायस्कूलच्या मुलींचं सॉफ्टबॉल (बेसबॉलचं धाकटं भावंड) 'फॉल'मध्ये, म्हणजे शरदात असतं, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात सामने ऑगस्टच्या सुरुवातीला लागतात, आणि खरा फॉल सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला उजाडतो तोवर साखळीचे बहुतेक सामने उरकत आलेले असतात. त्याआधीच्या दिवसांत ज्याला फॉल म्हणतात तो आपला मे महिना असतो. ब्लीचर्स, म्हणजे प्रेक्षकांची पायऱ्यापायऱ्यांची बाकं, अ‍ॅल्युमिनियमचे. साडेचार वाजता त्यांवर बसणं म्हणजे तव्यावर टेकणं. फक्त उलटायला कोणी नसतं, आपलं आपण उलटायचं.

कोचकडे उष्णता मोजायचं एक यंत्र असतं. ऊन, दमटपणा, वारा सगळं एकत्र करून ते फॅरनहाइटमध्ये एक आकडा देतं आणि तो ९२ च्या वर गेला की मैदानावरचा सराव बंद, असा राज्याचा नियम आहे. चांगला नियम आहे. परवा ते यंत्र ९१ च्या आसपास रेंगाळत होतं, आणि कोच त्याच्याकडे बघून समाधानाने मान डोलवत होता. मुलींना बसायला सावलीचा डगआउट, बर्फात बुडवलेले टॉवेल, मध्ये मध्ये पाण्याची सुट्टी. आयांसाठी नियम नाही. म्हणून मी छत्री आणली होती. पाचगणीची, काळी, लांब दांड्याची, माझ्या बाबांची.

आता आजोबा. ते एक संस्थान होतं. चाकांच्या गाड्यात भरून आणलेलं सगळं सामान बॅकस्टॉपच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेमागच्या जाळीच्या, मागे मांडलेलं: चार खांबांचा निळा मांडव, पाय लांब करता येणारी खुर्ची, मानेला लटकवलेला बॅटरीचा पंखा, कूलर, सूर्यफुलाच्या बियांची थैली, टरफलं थुंकायला वेगळा पेला, आणि मांडीवर स्वतःची स्कोअरबुक. शाळेची स्कोअरबुक वेगळी असते, ती एक आई लिहिते. पण आजोबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. दर इनिंगनंतर ते तिला ओरडून दुरुस्त्या सांगत. ती अजिबात वर बघत नसे. मला त्या बाईबद्दल फार आदर वाटला.

"हनी," ते मला म्हणाले, "ती छत्री बंद कर. मागच्यांना दिसत नाही."

मी मागे बघितलं. मागे कोणीच नव्हतं. मागे जाळी होती, जाळीपलीकडे पार्किंग, पार्किंगमध्ये आमची गाडी आणि गाडीत माझा नवरा.

"सर, ऊन फार आहे."

"तू इंडियाची ना? तुला काय त्याचं! सवय असेल."

हे ते मांडवातून म्हणाले. पंख्याच्या वाऱ्यात त्यांच्या भुवया हलत होत्या.

इथे थोडं थांबून सांगायलाच हवं की माझा जन्म पाचगणीचा. ऑगस्टमध्ये आमच्याकडे ऊन ही ऐकीव गोष्ट असायची. कपाटातल्या चपलांवर बुरशी, गाद्यांना कुबट वास, शाळेत जाताना फ्रॉकवर स्वेटर आणि स्वेटरवर रेनकोट. एखाद्या दुपारी ढग फाटून सूर्य दिसलाच तर शेजारच्या काकू हाक मारून दाखवायच्या, "ए, बाहेर या गं, ऊन पडलंय!" उन्हाची सवय असलेला माणूस आमच्या घरात आहे, नाही असं नाही. माझा नवरा जळगावचा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भर दुपारी सायकलवरून क्लासला गेलेला. तो तिकडे गाडीत एसी लावून बसला होता. "मला इथूनही दिसतंय," असं त्याने फोनवर कळवलं होतं. त्याला स्कोअरबोर्डची मागची बाजू दिसत होती.

हे सगळं मी आजोबांना सांगणार होते. सांगितलं नाही. छत्री मिटली.

तेवढ्याने थांबले असते तर ते आजोबा कसले. "त्या कागदावर सही केलीस का?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे सध्या काही पालक एक अर्ज फिरवताहेत की सॉफ्टबॉल फॉलमधून काढून स्प्रिंगला, म्हणजे वसंतात न्यावं, देशातल्या बहुतेक राज्यांत तसंच असतं. जॉर्जिया, ओक्लाहोमा, नेब्रास्का, कोलोरॅडो अशी थोडीच राज्यं मुलींना ऑगस्टात उतरवतात. आयोवाचं तर आणखीच वेगळं. तिथे मुलं बेसबॉल आणि मुली सॉफ्टबॉल, दोघंही शाळा सुटल्यावर उन्हाळ्यात खेळतात आणि जुलैत राज्याचं अजिंक्यपद ठरतं. निदान तिथे सगळ्यांना एकत्र भाजतात.

"अजून नाही केली," मी म्हणाले.

"करू नकोस. स्प्रिंग चालायचं नाही."

"का?"

त्यांनी पेल्यात टरफल थुंकलं आणि बोटांवर कारणं मोजायला घेतली. पहिलं कारण, बास मासा. मार्च ते मे आमच्याकडच्या लेक लेनियर तलावात बास अंडी घालायला काठाशी येतो. त्या दिवसांत माणूस मॅच बघेल की गळ टाकेल? दुसरं कारण, टर्की. रानटर्कीची शिकार वसंतातच खुली होते. तिसरं कारण, नातू बेसबॉल खेळतो आणि बेसबॉल स्प्रिंगला असतं. चौथं कारण, त्यांचं नाक. हे मात्र मी मान्य केलं. अटलांटाच्या वसंतात पाइनचे पिवळे पराग उडतात. गाड्या, बाकं, कुत्री सगळं हळदीचं होतं. हवेतल्या परागांचा आकडा पंधराशेच्या वर गेला की 'अतिजास्त' म्हणतात आणि २०२५ च्या मार्चअखेरीस तो चौदा हजारांच्या पुढे गेला होता.

"आणि शरदात काही शिकार नसते का?" मी विचारलं. आता मलाही खुमखुमी आली होती.

आजोबा गंभीर झाले. "असते. हरणं. ऐन ऑक्टोबरात बंदुकीचा मोसम उघडतो आणि तेव्हाच राज्याच्या फायनल येतात." क्षणभर ते गप्प राहिले. "हरणं मी सोडतो. नातीसाठी. एवढं तर माणसाने केलंच पाहिजे."

म्हणजे एका राज्यातल्या सगळ्या मुलींनी कोणत्या महिन्यात खेळायचं ते एका म्हाताऱ्याच्या बास, टर्की, नाक आणि हरणं या क्रमाने ठरलं होतं, आणि त्यात त्यागही त्यांनीच केला होता.

"मला उन्हाचं काय सांगतेस?" ते पुढे म्हणाले. मी काहीच सांगत नव्हते. "शहाण्णव साली कोलंबसला गोल्डन पार्कमध्ये ऑलिंपिकची फायनल बघितलीय मी. जुलै महिना! छत्री नाही, काही नाही." हे खरं असणार. सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९९६ ला, आणि सामने अटलांटात न होता जॉर्जियातल्याच कोलंबसला झाले. फायनलमध्ये अमेरिकेने चीनला ३-१ ने हरवलं. डॉट रिचर्डसनने उजव्या बाजूला मारलेला चेंडू होमरन, म्हणजे मैदानापार गेलेला फटका, की सीमेच्या खांबाबाहेरून गेलेला फाऊल यावर चिनी संघाने बराच वेळ वाद घातला होता.

"फाऊल नव्हता," आजोबा म्हणाले.

"मी कुठे म्हणतेय?"

"मी त्याच बाजूला होतो. खांबाच्या आतून गेला. आतून!" आणि पेन्सिलीने त्यांनी हवेत खांब काढून दाखवला, चेंडू काढून दाखवला, चिनी कोच काढून दाखवला. तेवढ्यात माझ्या मुलीने एक डबल प्ले केला, म्हणजे एका चेंडूत दोघी बाद, तो माझा बघायचा राहिला. आजोबांनी मात्र न बघता स्कोअरबुकात बरोबर लिहिला, चेंडू ज्या जागांवरून फिरला त्यांच्या आकड्यांत: चार, सहा, तीन. मग कूलर उघडून मला एक बाटली दिली. लोणच्याच्या काकडीचं पाणी. पायात गोळे येत नाहीत म्हणे. मी बसून होते, पायात गोळे कशाने येणार? पण प्यायले. कैरीच्या खारात व्हिनेगर पडलं तर कसं लागेल ते मला आता माहीत आहे.

पाचव्या इनिंगला गडगडलं. जॉर्जियात ऑगस्टच्या संध्याकाळी गडगडणं हे रोजचंच. नियम असा की गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. मध्ये पुन्हा गडगडलं की अर्धा तास पहिल्यापासून. सगळे आपापल्या गाड्यांत. नवऱ्याने विचारलं, "कोण जिंकतंय?" मी उत्तर दिलं नाही. आभाळ गडगडत राहिलं, घड्याळ पुन्हा पुन्हा शून्यावर येत राहिलं आणि शेवटी साडेसातला मॅच रद्द झाल्याचा निरोप आला. आजोबांचा मांडव दुमडायला पार्किंगमधून कोण धावलं असेल? गेले तीन तास एसीत बसून ताजातवाना असलेला जळगावकर. दोघांचं इतकं जमलं की निघताना आजोबांनी त्याला बास धरायला बोलावलं. मार्चमध्ये.

खरी गोची पुढेच आहे. मंडळाचा गणपती शनिवारी बसवतात आणि त्याच शनिवारी टूर्नामेंट. नवरात्रातला भोंडला सोमवारी ठेवला तर सोमवारी मॅच, मंगळवारी ठेवला तर मंगळवारी मॅच. दिवाळीच्या आठवड्यात बाद फेरी. गेल्या वर्षी मुलगी आरतीला आली ती गुडघ्यापर्यंत लाल मातीत, डोळ्यांखाली काळे पट्टे ओढलेले, आणि एका आजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना गं?" हे गाऱ्हाणं मी शाळेच्या पालकसभेत मांडलं तेव्हा सगळ्यांनी फार सहानुभूतीने माना हलवल्या आणि विचारलं, की तो सण स्प्रिंगला हलवता येत नाही का?

मॅचच्या रात्री मला झोप आली नाही, तेव्हा मी हे फॉल-स्प्रिंग प्रकरण वाचत बसले. शाळेचं म्हणणं असं असतं की मैदानं तेवढीच, अंपायर तेवढेच, स्प्रिंगला बेसबॉल, सॉकर, लॅक्रॉस, ट्रॅक सगळ्यांची गर्दी. बरोबर आहे. पण गर्दी झाली की उठायचं कोणी, हे कसं ठरतं? बेसबॉलला ऑगस्टमध्ये हलवा, असा अर्ज कोणी फिरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मुलांचं बेसबॉल एप्रिलच्या गार वाऱ्यात, आणि मुलींचं सॉफ्टबॉल यंत्राचा काटा ९१ वर असताना. मिशिगनमध्ये मुलींचं बास्केटबॉल वर्षानुवर्षं शरदात ढकललेलं होतं, कारण हिवाळ्यात जिम मुलांना लागायचं. पालकांनी १९९८ मध्ये दावा लावला, २००१ मध्ये जिंकला, आणि संघटना अपिलात लढत राहिली. मोसम बदलले ते २००७-०८ पासून. ज्या मुलींसाठी दावा लावला त्या तोवर नोकरीला लागल्या असतील. मुलींना खेळात बरोबरीचा हक्क देणारा कायदा १९७२ चा आहे. कायद्यात महिना लिहायचा राहिला असावा.

आणि हा खेळ जन्मला कुठे तेही त्याच रात्री वाचलं. शिकागो, १८८७, थँक्सगिव्हिंगचा दिवस, एका बोट क्लबचा हॉल. बाहेर थंडी, आत रिकामटेकडी तरुण पोरं हार्वर्ड-येलच्या फुटबॉल मॅचच्या निकालाची वाट बघत होती. कोणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसाने मोजा गुंडाळून चेंडू बांधला आणि खडूने मैदान आखलं. म्हणजे हा खेळ ना वसंतातला, ना शरदातला. हा खेळ जन्मला छपराखाली! मला हे परवा साडेपाच वाजता माहीत असायला हवं होतं. आजोबांना सुनावलं असतं. त्यांनी अर्थात म्हटलं असतं की त्या मोज्याच्या वेळी मी तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी मी अर्जावर सही केली. ठळक, मराठीत. संध्याकाळी मुलीला सांगितलं तर ती भडकली.

"मला विचारलंस का? स्प्रिंगला मी ट्रॅक करते! चारशे मीटर कोण पळणार? मला फॉलच हवंय."

"अगं, पण ऊन किती..."

"ऊन आम्हाला लागत नाही. तुम्हाला लागतं."

बाजूला बसलेला जळगावकर म्हणाला, "आमच्या शाळेत सर शिट्टी वाजवायचे, आम्ही खेळायचो. मोसम वगैरे कोणाला ठाऊक होता? पाच मार्क मिळायचे ते ठाऊक होतं." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग मुलीने खरी बातमी दिली. तिची शाळेबाहेरच्या एका ट्रॅव्हल टीममध्ये निवड झालीय. ती टीम मार्चपासून शनिवार-रविवार खेळते, जून-जुलैत टेनेसी आणि फ्लोरिडाला जाते आणि शाळेचा मोसम संपला की नोव्हेंबरात पुन्हा. फीचा आकडा तिने फोनवर दाखवला, तोंडाने उच्चारला नाही.

"म्हणजे फॉल आणि स्प्रिंग दोन्ही?" मी विचारलं.

"आणि समर," ती म्हणाली.

नवरा उठला आणि गाडीच्या एसीत गॅस किती उरलाय ते बघायला खाली गेला.