सगळं बंद केलंय दादा!

"सगळं बंद केलंय दादा, काळजी करू नकोस." फ्रान्समधल्या आमच्या सुट्टीच्या घरातून, ऑक्टोबरच्या हाफ-टर्मनंतर (इंग्लंडच्या शाळांची छोटी सुट्टी) आलेला मावसभावाचा निरोप, खाली अंगठा. आणि काल, ईस्टरच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, मीटरच्या खड्ड्यातला मेन कॉक उघडल्यावर सिंकखालून पाणी असं सुटलं की कपाटाचं दार आपणहून उघडलं.

काय बंद केलं होतंस रे राजा? नळ? नळ तर आमच्या लंडनच्या, हॅरोतल्या घरातही बंदच असतो. चिपळूणचं घर बंद करावं तसं खिडक्या लावल्या, मेन फिरवला, कुलूप घातलं, निघाले. फ्रान्सच्या या क्रझ जिल्ह्यात, त्यातही मिलव्हाशच्या पठाराच्या बाजूला, जानेवारीत रात्री पारा उणे दहाला जाऊ शकतो आणि घरात चिटपाखरू नसतं. इथे पाणी बंद करत नाहीत, पाणी काढून टाकतात. बंद आणि रिकामं हे दोन वेगळे शब्द आहेत हो, आपल्या मराठीतच आहेत.

फुटलेला बॉल व्हॉल्व्ह आत्ता टेबलावर आहे. पितळी, अर्ध्या इंची, लाल दांडीचा. पोटावर उभी चीर, केसाएवढी, जेमतेम दोन सेंटिमीटर. दांडी पाइपला अगदी काटकोनात, म्हणजे कडेकोट बंद. आणि तिथेच घात आहे. आतल्या गोळ्याला आरपार भोक असतं. व्हॉल्व्ह बंद केला की त्या भोकातलं आणि गोळ्याच्या आजूबाजूचं चमचाभर पाणी दोन्ही बाजूंनी कोंडतं. पाइप कितीही रिकामे करा, ते तिथेच राहतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. पितळ फुगत नाही, फाटतं. मेन बंद, त्यामुळे बर्फ वितळला तरी कुणाला पत्ता नाही. मग एप्रिलात तीन बारचं प्रेशर आलं की कारंजं. दांडी अर्ध्यावर, पंचेचाळीस अंशांत ठेवली असती तर तो चमचा गळून गेला असता. एवढंच. एका दांडीचा अर्ध्या काटकोनाचा फेर.

व्हॉल्व्हची किंमत काय, दोन कॉफ्यांची. पण कपाटाचा तळ भुशाच्या फळीचा, तो पावासारखा फुगला. खाली चेस्टनटच्या जुन्या फळ्या, त्या आता कडेनं वर यायला लागल्यात. त्या हळूहळू, खिडक्या उघड्या ठेवून वाळवायच्या. हीटर लावून घाईनं वाळवल्या की चिरतात. हे लिहितोय कारण हीटर लावायला निघालेला एक माणूस या घरात आहे.

आणि वार बघा. इंग्लंडला गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून सगळे शनिवारी पोचतात. फ्रान्सला इकडे गुड फ्रायडे नाही, पण ईस्टरचा सोमवार आहे. म्हणजे शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ एक वॉशर मिळणार नाही. एरवी तरी काय, बारा ते दोन दुकानाला टाळं आणि खेड्यात सोमवारीही टाळं. बेकरीचं एक वेळ समजू शकतो. हार्डवेअरवाल्यानं काय पाप केलंय?

हत्यारांच्या पेटीत इंग्लंडहून आणलेला व्हॉल्व्ह आहेच, तोही नवा कोरा. पंधरा मिलिमीटर कॉम्प्रेशन, म्हणजे थेट नळीवर आवळून बसणारा. इथला तांब्याचा पाइप बाहेरून चौदा किंवा सोळा. पंधरा नाहीच! चौदावर ढिला, सोळावर चढत नाही. सगळ्यात मोठा चकवा म्हणजे फ्रेंच पाकिटावरचं '१५/२१'. ते बघून लोक "हा घ्या पंधराचा" म्हणून चार उचलतात. १५/२१ हा आटा आहे, म्हणजे आपला अर्धा इंच. २०/२७ म्हणजे पाऊण इंच. आटे दोन्ही देशांत जुळतात, नळी जुळत नाही. बावीस मिलिमीटरची नळी तेवढी दोन्हीकडे सारखी, आणि ती या सिंकखाली नाही. तेव्हा इथून पुढे इंग्लंडहून आणायचंच तर आट्याचं सामान आणा, कॉम्प्रेशनचं नको. आट्याच्या जोडाला फायबरचा वॉशर, आणि जुना वॉशर परत वापरायचा नाही. "बरा दिसतोय" म्हणून वापरलेला वॉशर रात्री दोनलाच गळतो.

प्लंबर म्हणाला, मंगळवारी येतो. कुठल्या मंगळवारी ते तो कधीच सांगत नाही. वर शेजारी समजूत घालतात, २०११ चा वार्समान कायदा आहे, गळतीचं बिल माफ होतं. माफ नाही होत. तीन वर्षांच्या सरासरीच्या दुप्पट वापर झाला तर त्या दुप्पटवर बिल थांबतं, तेही प्लंबरचा दाखला पाणीवाल्यांच्या पत्रानंतर महिन्याभरात दिला तर. आणि मीटरनंतरच्या, घराकडच्या पाइपलाच. संडासची टाकी, गीझर, मशीन यांची गळती त्यात धरत नाहीत. पत्र येतं इथल्या पेटीत, आपण हॅरोत. रजिस्टर असेल तर पोस्ट पंधरा दिवस सांभाळतं आणि परत पाठवतं. लावा महिना.

असा सगळा संताप करून झाल्यावर भिंतीवरचा कागद वाचला. घर बंद करायच्या सूचना, मराठीत, लॅमिनेट केलेल्या, पाहुण्यांनी चुकू नये म्हणून. मुद्दा नववा: "सगळे कॉक घट्ट बंद करावेत." 'घट्ट'खाली दोन रेघा. अक्षर माझं.

तर. मावसभावानं कागदाबरहुकूम केलं. त्याला पाठवलेले तीन मेसेज पुसलेत, पण त्यानं वाचलेले दिसतात.

आता खरा क्रम, कारण तो कागद पाच-सहा जणांनी फोटो काढून नेलाय. आधी गीझरचा फ्यूज काढा. मग मेन बंद, आणि त्याच्या पुढचा, पाइपातलं पाणी सोडायचा छोटा पर्ज कॉक उघडा. सगळ्यात वरच्या मजल्याचा नळ आधी, गरम आणि थंड दोन्ही. हवा शिरल्याशिवाय पाणी उतरत नाही. गीझरखालच्या सेफ्टी ग्रुपचा (सुरक्षा व्हॉल्व्हचा) नॉब फिरवून टाकी सोडा. दोनशे लिटरला अर्धा-पाऊण तास धरा, चहा पिऊन या. शॉवरची नळी काढून खाली ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅटिक मिक्सरचं कार्ट्रिज गेलं. फ्लश ओढा आणि टाकीच्या तळाचं पाणी स्पंजानं टिपा. कमोडमध्ये आणि प्रत्येक सायफनमध्ये, म्हणजे सिंक-बेसिनखालच्या वाकड्या नळीत, पाणी गोठू न देणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल. गाडीतलं इथिलीन ग्लायकॉल ओतू नका, ते विषारी असतं. वॉशिंग मशीनच्या पंपात पाणी राहतं, ते खालच्या फिल्टरमधून काढा आणि मागची नळी सोडून ठेवा. मीटरच्या खड्ड्यात पॉलिस्टायरीनचे तुकडे. गोधडी, पेंढा, ग्लासवूल नको. ओल धरतात आणि मग मीटरच गोठतं, त्याचा खर्च आपल्यावर. शेवटी, मेन सोडून, बाकी सगळे कॉक अर्ध्यावर. अर्ध्यावर! वसंतात उलट: गरम नळातून हवेचे फुत्कार थांबून सलग धार लागेपर्यंत गीझरचं बटण चालू करायचं नाही. कोरड्या टाकीत कॉइल जळतं.

लिहायला बसलोच आहे तर सेप्टिक टँक. दिवाळीच्या भज्यांचं तेल सिंकमध्ये ओतणारी वहिनी जी कोण असेल तिला नमस्कार. ते तेल टाकीनंतरच्या प्रीफिल्टरवर बसलं, तो बाहेर काढून पाण्यानं धुवावा लागतो आणि तो वास साबणानं हातावरून जात नाही. 'फ्लशेबल' लिहिलेले ओले रुमाल विरघळत नाहीत. ब्लीच नको, आतले जंतू मरतात. गाळ टाकीच्या निम्म्यावर आला की उपसायची, आणि उपसल्यावर लगेच साध्या पाण्यानं भरायची, नाहीतर प्लास्टिकची टाकी ओल्या जमिनीत नावेसारखी वर येते. आणि सुट्टीच्या घराला मायक्रोस्टेशन, म्हणजे जंतूंकडून सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र, विकू पाहणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यातल्या जंतूंना रोज खाद्य लागतं, वर्षातले दहा महिने उपाशी ठेवून चालत नाही.

फ्रिजचं दार उघडं ठेवून मध्ये लाकडाचा तुकडा सरकवायचा असतो, हेही कागदावर होतं. हे मात्र होतं!

माळ्यावर ल्वार आहेत, खारीसारखे दिसणारे उंदीर. ऑक्टोबर ते एप्रिल झोपतात, म्हणजे आपण नसतो तेव्हा शांत आणि आपण आलो की रात्रभर गोट्या खेळल्यासारखा आवाज. मुंगसासारखी फ्वीन आली तर ग्लासवूलचा कापूस करते. दोघं परवडले, पण आधीच्या मालकानं ग्रॅनाइटच्या भिंतीच्या सांध्यांत भरलेलं सिमेंट नाही परवडत. जुन्या दगडी भिंतीला चुना हवा, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटनं ती आत कोंडते आणि घरात कुबट वास, पलंगामागे काळी बुरशी. इथेही तेच: बंद केलं की संपलं, असं वाटणारी माणसं.

आम्हा इंग्लंडवाल्यांना इथे राहायला मिळतात १८० दिवसांतले ९०. येण्याचा दिवस धरतात, जाण्याचाही धरतात. ज्या घरात कुणी कायम राहतं तिथला ताक्स दाबितासियों, म्हणजे राहण्यावरचा कर, २०२३ पासून गेला, सुट्टीच्या घराला राहिला, आणि तो १ जानेवारीला घर ज्याच्या ताब्यात त्यानं पूर्ण वर्षाचा भरायचा. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडहून तूपही आणता येत नाही, दुधाचे पदार्थ मना. मग इथलं बिनमिठाचं लोणी कढवा, पाव किलोचं दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं. फक्त पाकीट वाचा. खारट दमी-सेल कढवून त्यात केलेला शिरा घरातल्या सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला आहे.

नववा मुद्दा सुधारायला घेतला, तर लॅमिनेशनवर पेन उठत नाही. मार्करनं लिहिलं ते अंगठ्यानं पुसलं गेलं. शेवटी फुटका व्हॉल्व्हच सुतळीनं कागदाला टांगायचं ठरवलं, नमुना म्हणून. दांडी पंचेचाळीस अंशांत आणायला पान्हा लावला, तर ती तुटून हातात आली.