एका रात्री एकच विषय

टीव्हीवरच्या बातम्या पूर्वी शहाण्या होत्या, आता बिघडल्या, असं आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी म्हणतंच. म्हणणारा स्वतः रात्रीच्या चर्चांमधली भांडणं मन लावून बघत असतो, ते सोडा. मला शंका आहे ती या 'पूर्वी'बद्दल. रात्री उशिराच्या बातम्यांचा विषय निघाला की पत्रकार मंडळी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या 'नाइटलाइन' या कार्यक्रमाचं नाव आदरानं घेतात. आणि गंमत म्हणजे त्या कार्यक्रमाचा जन्मच मुळी, आज आपण ज्याला नावं ठेवतो, तसल्याच मसाल्यातून झाला.

४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी घुसले आणि कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं. एबीसीचे वृत्तप्रमुख रून आर्लेज यांचा रात्री साडेअकराच्या वेळेवर आधीपासून डोळा होता. पण समोर एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर विनोदी गप्पांचा कार्यक्रम करणारा जॉनी कार्सन ठाण मांडून बसलेला. त्याचे विनोद सोडून बातम्या कोण बघणार? इराणनं आर्लेजना निमित्त दिलं. ८ नोव्हेंबरपासून त्या वेळेला विशेष कार्यक्रम सुरू झाला. नाव काय, तर 'द इराण क्रायसिस : अमेरिका हेल्ड होस्टेज'. वकिलातीतली काही डझन माणसं ओलीस, पण शीर्षकात अख्खा देश ओलीस! वर दिवसांची मोजणी, आज अमुकावा दिवस. आपल्याकडे कुणी असलं काही केलं असतं, तर आपण फेसबुकवर त्याची सालटी काढली असती.

सुरुवातीला फ्रँक रेनॉल्ड्स हा कार्यक्रम करायचे. परराष्ट्र खात्याच्या बातम्या करणारा टेड कॉपेल हा बदली खेळाडू, तो हळूहळू कायमचाच झाला. २४ मार्च १९८० ला कार्यक्रमाचं 'नाइटलाइन' असं नामकरण झालं. २० जानेवारी १९८१ ला, म्हणजे ४४४ व्या दिवशी, उरलेले ५२ ओलीस सुटले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदावरून कार्टर गेले आणि रेगन आले. ज्या मोजणीवर हा कार्यक्रम उभा राहिला ती संपली, तरी कार्यक्रम संपला नाही. कारण तोवर तिथल्या लोकांना एक युक्ती सापडली होती : एका रात्री एकच विषय. आधी काही मिनिटांचा चित्रित वृत्तान्त, ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही विषय समजेल असा. मग थेट मुलाखत. बास.

कॉपेलची एक सवय मला फार आवडते. पाहुणा त्याच इमारतीत असला तरी तो त्याला शेजारी बसवायचा नाही. पाहुणा दुसऱ्या खोलीत, कानात इअरफोन, समोर नुसता कॅमेरा. बहुतेकदा त्याला कॉपेलचा चेहराही दिसायचा नाही, ऐकू यायचा फक्त प्रश्न. हे जरा दुष्टपणाचंच, पण त्यामुळे डोळ्यांच्या खाणाखुणा नाहीत, 'साहेब, तुम्ही तर जाणताच' हा लाडिकपणा नाही. आपल्याकडेही पाहुणे चौकटींतच असतात म्हणा, पण आठ चौकटी एकाच वेळी बोलत असतात, आणि नववी जाहिरातीची.

मी नाशिकच्या एका दैनिकात बरीच वर्षं रात्रपाळी केली, म्हणून या साडेअकराच्या वेळेबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. २७ ऑगस्ट २००३, कुंभमेळ्यातलं शाही स्नान, सरदार चौकाकडची चेंगराचेंगरी. दिवसभर टीव्हीवर मृतांचा आकडा बदलत होता. दर फोनला नवा आकडा, सिव्हिलचा वेगळा, पोलिसांचा वेगळा. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडताना आम्ही जो आकडा दिला, तो शहर आवृत्तीला खोडावा लागला. शेवटी ३९ वर थांबला. पण त्या रात्री उशिरा, फोन थंडावल्यावर, पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं की बॅरिकेड नेमकं कुठं होतं आणि गर्दी कुठल्या गल्लीतून आली. तोवर हा प्रश्न विचारायला कुणाला उसंतच नव्हती. उशिराच्या बातमीपत्राची खरी कमाई ती हीच. आकड्यांची पळापळ संपलेली असते आणि 'का' विचारायला जागा होते.

'नाइटलाइन'नं ती जागा वापरली. १९८५ मध्ये ही मंडळी दक्षिण आफ्रिकेत जाऊन बसली आणि वर्णद्वेषी सरकारचे परराष्ट्रमंत्री पिक बोथा आणि त्या सरकारविरुद्ध लढणारे बिशप डेस्मंड टुटू यांना एकाच कार्यक्रमात आणलं. १९८७ मध्ये बेसबॉलमधला एक बडा अधिकारी, अल कॅम्पॅनिस, कृष्णवर्णीय माणसं व्यवस्थापक व्हायला कमी पडत असतील असं थेट प्रक्षेपणात बोलून बसला. कॉपेल ओरडला नाही. त्यानं सावरायची संधी दिली, पुन्हा विचारलं, आणि कॅम्पॅनिस आणखी खोलात गेला. दोन दिवसांत नोकरी गेली. या मुलाखतीचे तुकडे यूट्यूबवर आहेत, जरूर बघा. आवाज न चढवता माणूस कसा उघडा पडतो, ते दिसतं.

आणि ३० एप्रिल २००४. त्या रात्री कॉपेलनं इराकमध्ये मारल्या गेलेल्या ७०० हून अधिक अमेरिकी सैनिकांची नावं फक्त वाचली. पडद्यावर फोटो आणि नाव, पुढचा फोटो आणि नाव. चर्चा नाही, तज्ज्ञ नाहीत. बऱ्याच स्थानिक टीव्ही केंद्रांची मालक असलेल्या सिंक्लेअर नावाच्या कंपनीनं हा राजकीय प्रचार आहे म्हणत आपल्या एबीसी केंद्रांवर तो भाग दाखवायलाच नकार दिला. नुसत्या नावांच्या यादीची एवढी धास्ती!

एवढं कौतुक केलं तरी आरती ओवाळायची नाही. १९८९ मध्ये माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या 'फेअर' या संस्थेनं पाहुण्यांची यादी तपासली, तर बहुतेक गोरे पुरुष, त्यातही सरकारी आजी-माजी. माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर तर घरचेच. बाहेरून तटस्थ दिसणाऱ्या कार्यक्रमाची खोड त्याच्या पाहुण्यांच्या यादीत लपलेली असते, हे आपल्याकडच्या पॅनेलांनाही तंतोतंत लागू आहे.

पुढची गोष्ट पैशाची. २००२ मध्ये एबीसीनं डेव्हिड लेटरमन या विनोदी निवेदकाला आणून ही वेळ त्याला द्यायचा घाट घातला. तरुण प्रेक्षक, जास्त जाहिराती. तो आला नाही म्हणून 'नाइटलाइन' वाचलं. नोव्हेंबर २००५ मध्ये कॉपेल कार्यक्रम सोडून गेला, जागी तीन निवेदक आले आणि एका रात्रीत अनेक विषय सुरू झाले. २०१३ मध्ये कार्यक्रम मध्यरात्रीनंतर ढकलला, आधीच्या वेळेला जिमी किमेलचा विनोदी गप्पांचा कार्यक्रम आला. नाव चालू राहिलं, पण माझ्या मते जीव २००५ लाच गेला. निवेदक बदलल्यानं नाही, विषय वाढल्यानं.

आता कांदा घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी. लासलगावात लिलाव बंद, चांदवडला रास्ता रोको. वाहिन्यांनी काय दाखवलं? रस्त्यावर ओतलेला कांदा आणि मग मुंबईच्या स्टुडिओत चार पक्षांचे चार प्रवक्ते. त्यातल्या एकालाही चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, कांदा किती महिने टिकतो, हे कुणी विचारलं नाही. पाच मिनिटांनी दुसरा विषय.

मला हवा आहे तो कार्यक्रम असा : रात्री साडेदहा, अर्धा तास, फक्त कांदा. पहिली सहा मिनिटं चाळ, प्रतवारी, ट्रॅक्टर, लिलाव, आडतीची पट्टी, मुंबईचं बंदर. मग निफाडचा एक उत्पादक, एक निर्यातदार, ग्राहक व्यवहार खात्याचा एक अधिकारी, प्रत्येक जण वेगळ्या खोलीत. प्रवक्ता एकही नको. दुसऱ्या रात्री नाशिकच्या तपोवनातली झाडं आणि कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम. तिसऱ्या रात्री २०२७ च्या कुंभमेळ्याची गर्दी कुठून वळवणार ते, नकाशा समोर ठेवून.

कट्ट्यावर हे सांगितलं तर एक जण म्हणाला, 'असलं बघणार कोण?' १९७९ मध्ये आर्लेजनाही लोक हेच विचारत होते, आणि त्यांच्यासमोर तर जॉनी कार्सन होता. आपल्याकडे त्या वेळेला समोर आहे काय? सासू-सुनांच्या मालिकेचा पुनःप्रक्षेपित भाग.