गुगल आहे ना, मग शाळेत लायब्ररी कशाला? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवडाभरात तो मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय. आधी शिक्षकांच्या, मग सोसायटीच्या, मग माहेरच्या, आणि परवा तर थेट पालकांच्या ग्रुपवर, खाली चाळीसएक अंगठे. वाचला नसेल तर थोडक्यात सांगते. वर अब्दुल कलामांचा फोटो. खाली मजकूर असा की आता सगळं ज्ञान मोबाईलवर आहे, मुलं पुस्तकं वाचतच नाहीत, शाळेच्या लायब्ररीवर सरकार लाखो रुपये उधळतं, परदेशात शाळांनी लायब्ऱ्या कधीच बंद केल्या, आणि ग्रंथपाल दिवसभर खुर्चीत बसून पगार घेतो, तेव्हा ती खोली रिकामी करा आणि तिथे कॉम्प्युटर लावा. शेवटी नेहमीचं, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला नाही पटलं. पंधरा वर्षं शिकवतेय, त्यातली नऊ वर्षं ‘ग्रंथालय प्रभारी’ आहे, म्हणजे मराठी आणि इतिहासाचे तास घ्यायचे आणि वर ही किल्ली सांभाळायची, वेगळा पगार वगैरे काही नाही. त्यामुळे जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

फोटोपासूनच सुरू करू. कलामांचा वाढदिवस १५ ऑक्टोबर, आणि आपल्या राज्यात २०१५ पासून तो दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. लायब्ररी बंद करा म्हणणाऱ्या मेसेजवर नेमका त्यांचाच फोटो! ज्याने चिकटवला त्याला हे माहीत नसेल, समजू शकते, पण अंगठे देणाऱ्या चाळीस जणांपैकी एकानेही विचारलं नाही की बाबा रे, हा फोटो इथे कसा काय.

आता मुद्दे. ‘सगळं मोबाईलवर मिळतं.’

मिळतं की. मी कुठे नाही म्हणतेय? किशोर मासिकाचे जुने अंक, १९७१ पासूनचे, बालभारतीने फुकट वाचायला ठेवलेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साईटवर मराठी गोष्टींचा ढीग पडलाय, मी स्वतः हे सगळं वापरते. पण हे तिथे आहे हे पोराला सांगणार कोण? फोन हातात दिला की पोरगं विश्वकोश उघडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच घरात एकदा गुपचूप मागे उभं राहून बघावं. ‘असर’चा, म्हणजे प्रथम संस्थेच्या शिक्षण-पाहणीचा, २०२४ चा ग्रामीण भारताचा अहवाल आहे, त्यात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन कशासाठी वापरला. अभ्यासाचं काहीतरी केलं म्हणणारे ५७ टक्के, सोशल मीडिया म्हणणारे ७६ टक्के. आणि त्याच अहवालात असंही आहे की पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना, नेमकं सांगायचं तर ४८.८ टक्क्यांना, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. म्हणजे उरलेल्या निम्म्यांना आपण सांगतोय, जा गुगलवर जाऊन वाच. वाचता येत असतं तर गेलं नसतं का ते!

दुसरं म्हणजे मिळालेलं खरं की खोटं हे कोण बघणार. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती उघडली होती. सातवीतला एक मुलगा घरून प्रिंट काढून घेऊन आला, रंगीत, चांगले दहा रुपये घालवून. भारताचा नकाशा अंधारात आणि त्यावर लाल, हिरवे, निळे, पांढरे ठिपके. ‘मॅडम, नासाने दिवाळीच्या रात्री अवकाशातून काढलेला फोटो, फळ्यावर लावू?’ तुम्हालाही आला असेल कधीतरी, दरवर्षी येतो. मी म्हटलं लावू, आधी शुक्रवारच्या वाचन तासाला बघू. आमच्या वाचन तासाला तीन प्रश्न ठरलेले आहेत, कपाटाच्या दारावर खडूने लिहिलेत: कोणी सांगितलं? कधीचं आहे? आणखी कोण सांगतंय? पहिल्यालाच गाडी अडली, कारण ‘काकांनी पाठवला’ याच्यापुढे कोणाला जाता येईना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासभर तोंड उघडत नाही, ती म्हणाली, ‘मॅडम, पण दिवे तर सगळीकडे पिवळेच असतात ना, मग हे हिरवे निळे कसे?’

झालं. पुढचा अर्धा तास वर्ग माझ्या हातात नव्हता. ऑफिसमधला कॉम्प्युटर मागून आणला आणि शोधत शोधत पोरांनीच मूळ गाठलं. ते चित्र नासाचं नाहीच, नोआ नावाच्या अमेरिकन संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकत्र करून बनवलेलं, वस्ती कशी वाढत गेली ते दाखवायला. पांढरं म्हणजे १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे, निळं १९९२ चं, हिरवं १९९८ चं, लाल २००३ चं. दिवाळीचा काही संबंध नाही. नासाने २०१२ मध्ये दिवाळीच्या रात्रीचं खरं चित्र टाकून हे स्पष्टही केलंय, आणि दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून वेगळा जाणवेल इतका नसतोच असंही सांगितलंय. तो मुलगा हिरमुसला, साहजिक आहे. पण मग त्याने त्याच प्रिंटवर पेनाने कोणता रंग कुठल्या वर्षाचा ते लिहिलं आणि चित्र फळ्यावर लागलंच. घरी जाऊन काकांना सांगितलं तर काका म्हणे ‘तुमच्या मॅडमना काय कळतंय’, ते असो.

हे इंटरनेटवरच कळलं ना, मग लायब्ररी कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. अहो, इंटरनेट तर त्या काकांच्या मोबाईलवरही होतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी हायस्कूलच्या ३,४४६ मुलांना इंटरनेट चालू ठेवून कामं दिली होती, २०१९ मध्ये अहवाल आला. त्यात मतपेट्यांत बोगस मतं टाकतानाचा एक व्हिडिओ होता, अमेरिकेतला म्हणून दाखवलेला, प्रत्यक्षात रशियातला. ५२ टक्के मुलांना तो अमेरिकेतल्या घोटाळ्याचा सज्जड पुरावा वाटला, आणि मूळ व्हिडिओ शोधून काढला किती जणांनी, तर तिघांनी! साडेतीन हजारांत तीन. जन्मापासून इंटरनेट बघणारी पोरं ही. साधन हातात असणं वेगळं आणि ते कसं वापरायचं ते कोणीतरी शेजारी बसून दाखवणं वेगळं, आणि शाळेत त्यासाठी जागा आणि तास कुठे असतो? गणिताच्या तासाला? पोर्शन कोण पुरा करणार मग?

स्क्रीनवर वाचलं काय नि कागदावर वाचलं काय, एकच, असंही खाली एकाने कॉमेंटमध्ये लिहिलंय. एकच नाहीये. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून तपासणी झाली होती, सगळे मिळून १ लाख ७० हजारांवर वाचणारे, आणि माहितीपर मजकूर, त्यातही वेळ कमी असताना, कागदावर जास्त नीट कळतो असं निघालं. गोष्टींच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही, तेही सांगते, नाहीतर म्हणाल मॅडमनी सोयीचं तेवढंच उचललं.

‘मुलं वाचतच नाहीत.’ हा मुद्दा माझ्या डोक्यात जातो.

मी पहिल्यांदा लागले त्या शाळेत लायब्ररी म्हणजे मुख्याध्यापकांच्या केबिनमधली दोन लोखंडी कपाटं. वर गणपतीच्या मखराचं सामान. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. देवघेव रजिस्टर उघडलं तर शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, ती पण एका सरांच्या नावावर. आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत, हल्ली पोरं वाचत नाहीत! साहेब काही वाईट माणूस नव्हते बरं का. त्यांना भीती ऑडिटची. पुस्तक डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या रजिस्टरला, चढलेलं, हरवलं तर जबाबदार कोण, निर्लेखन करायचं, म्हणजे नोंदीतून काढायचं, तर ठराव करा, प्रस्ताव करा, मंजुरी आणा, आणि नाही झालं तर वसुली. कुठलाही शहाणा माणूस कुलूपच लावेल. पुस्तक फाटलं म्हणजे वापरलं गेलं असं धरणारा कागद आपल्याकडे नाहीच.

शेवटी मी माझ्या सहीने साठ पुस्तकं बाहेर काढली आणि सहावीच्या वर्गात सुतळी बांधून तिच्यावर टांगली, वाळत घातल्यासारखी. वर्षअखेरीला साठातली नऊ हरवली, चारांच्या पाठी सुटल्या, एकावर वरण सांडलं. त्या वर्गात ऊसतोडीहून मधूनच आलेला एक मुलगा होता, जोडाक्षर आलं की थांबायचा. त्याने सापांचं चित्रांचं पुस्तक नेलं. आठवड्याने परत आणलं आणि पुन्हा तेच मागितलं. असं पाच वेळा. मला वाटलं नुसती चित्रं बघतोय, बघू दे. पाचव्या वेळेला सहज विचारलं तर बोट ठेवून वाचायला लागला, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि मग खालची बारीक अक्षरंसुद्धा, विष कोणतं, चावल्यावर काय करायचं नाही. फडात साप निघतात, त्याला ते हवंच होतं. मराठीच्या पुस्तकातला धडा त्याच्याकडून मी वर्षभर वाचून घेऊ शकले नव्हते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला एक आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. बीएडला पाठ केला होता, कळला त्या दिवशी. आणि हे ठरवून झालेलं नाही, साठ पुस्तकं टांगली होती म्हणून त्यातलं एक त्याला सापडलं.

आणि देशभराचं बघायचं तर परत तोच ‘असर’. पाहणीला गेले त्या दिवशी पाठ्यपुस्तकांशिवायची पुस्तकं मुलं वापरताना दिसली अशा शाळा २०१८ मध्ये ३६.९ टक्के होत्या, २०२४ मध्ये ५१.३. वाचत नाहीत म्हणे!

‘लाखो रुपये उधळतात.’ कोणाच्या शाळेत हो? मला बदली घ्यायचीय तिथे. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेतून लायब्ररीसाठी मिळतात ते शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये. बरा टॅबलेट घ्यायला गेलं तर एक-दोन येतील त्यात. बाकी ही काही सरकारची मेहरबानी नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, तिथे वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत आणि गोष्टीचीही हवीत. पैसे वाया जात नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. मार्चअखेरीला घाईघाईत गठ्ठे येतात, त्यात एकाच भाषणसंग्रहाच्या पाच प्रती आणि थोरामोठ्यांची तीच ती चरित्रं, अक्षर इतकं बारीक की मलाच चष्मा लागतो. पण त्यावर उपाय पुस्तकं मुलांना विचारून घेणं हा आहे, मी दरवर्षी पोरांकडून चिठ्ठ्या मागवते (भुतांच्या गोष्टी कायम पहिल्या, क्रिकेट दुसरं).

‘परदेशात बंद झाल्या.’ काही ठिकाणी झाल्या, खरंय. ह्यूस्टनमध्ये २०२३ ला अनेक शाळांतले ग्रंथपाल काढले, त्यावर पालकांनी आंदोलनं केली. आणि त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारने, जिथे शाळा आपल्या कितीतरी आधी डिजिटल झाल्या, शाळांना छापील पुस्तकं घ्यायला ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले. परदेश म्हणजे एक गाव नाही, एवढंच.

राहिला ग्रंथपाल. ‘दिवसभर बसून असतो.’ आधी दाखवा तरी कुठे बसलाय! आपल्याकडे ही पोस्ट पटसंख्येवर ठरते, पट कमी असला की ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ असा अजब प्रकार आहे, आणि प्राथमिकला तर नावच काढू नका, तिथे माझ्यासारखे प्रभारी. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये कीथ करी लान्स या संशोधकाने १९९३ मध्ये दाखवलं होतं की जिथे शाळेच्या लायब्ररीत माणसं आणि साधनं चांगली तिथे मुलांचे गुणही जास्त, घरची परिस्थिती हिशोबात धरूनसुद्धा. लायब्ररीमुळेच गुण वाढले असं त्यातून छातीठोक सांगता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आणि आता नवीन, एआयला विचारलं की ते पुस्तकं सुचवतं. सुचवतं ना. मागच्या महिन्यात आठवीची एक मुलगी प्रकल्पासाठी यादी घेऊन आली, विहिरी आणि बारवांवरची पाच पुस्तकं, लेखक-प्रकाशकासकट. तीन होती, दोन जगात कुठेच नाहीत, पण नावं इतकी छान की मलाच वाटलं असायला हवी होती. तिने ती दोन शोधण्यात चार दिवस घालवले होते बिचारीने. शेवटी विश्वकोशातली नोंद काढून दिली आणि म्हटलं गावातल्या बारवेवर जाऊन पायऱ्या मोजून ये. सत्तावीस मोजून आली, त्याखाली पाणी.

कॉम्प्युटरला माझा विरोध नाही. आमच्याकडे आता कपाटाशेजारीच एक ठेवलाय, त्याच खोलीत, खोली रिकामी न करता.

हे सगळं जरा आटपशीर करून मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं. मूळ मेसेज ज्यांनी टाकला होता त्यांचं लगेच उत्तर आलं, ‘मॅडम, मला आला तसा पाठवला.’ मी विचारलं, कोणाकडून आला? दोन निळ्या टिक दिसतायत कालपासून.