42 मिनिटांच्या जॉबचे 4,800 रुपये का?

नमस्कार सर,

आमच्या मशीनिंगच्या वर्कशॉपला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय: "सॉफ्टवेअर मशीनिंगची 42 मिनिटं दाखवतं, यांचा तासाचा दर 700, म्हणजे 500 रुपये झाले. एका नगाचे 4,800 मागतात आणि 50 घेतले तर 1,750. सरळ लूट आहे."

आधी ती 42 मिनिटं बघू. तुमच्या पॉकेटची, म्हणजे आत कोरायच्या खाचेची, खोली 40 मिमी आणि आतल्या कोपऱ्याचा रेडियस 1.5. तिथे 3 मिमीपेक्षा जाड एंडमिल (कापायचा टूल) जातच नाही, आणि एवढा बारीक टूल 40 मिमी बाहेर काढला की तो वाकतो, चॅटर मारतो, म्हणजे थरथरतो. फीड (टूल पुढे सरकायचा वेग) निम्म्याहून खाली आणावा लागतो, तरी टूल तुटायची भीती असतेच. सॉफ्टवेअरमध्ये जो फीड भराल त्यावर ते मिनिटं काढून देतं, टूल तुटेल का हे ते बघत नाही. आमच्या हिशोबात हाच जॉब 70 मिनिटांचा आहे. कोपरा 5 रेडियसचा केला तर 8 चा कटर आरामात चालेल.

नग एक असो की पन्नास, प्रोग्रॅम एकदाच करायचा आणि मशीनवर जॉब पकडायची तीन सेटिंग एकदाच लावायची. त्याचे 2,750 रुपये एका नगावर पडले तर एवढे दिसणारच, पन्नासांत वाटले तर नगामागे 55. मटेरियलही तयार पार्टच्या वजनावर धरता येत नाही. 155×105×45 चा ॲल्युमिनियमचा ब्लॉक जवळजवळ दोन किलोचा होतो. त्यातला बराचसा चुरा होऊन भंगारात जातो आणि भंगारवाला काय भाव देतो ते भोसरीत कुणालाही विचारा.

राहिला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. ड्रॉइंगवर सगळ्याच मापांना ±0.01 आहे, बाहेरच्या कडेलासुद्धा! म्हणजे प्रत्येक माप तपासणं आलं. बेअरिंगच्या 22 मिमीच्या बोअरला (भोकाला) एच7 हा बारीक टॉलरन्स द्या, बाकीला आयएसओ 2768 या सर्वसाधारण टॉलरन्सच्या स्टँडर्डमधला मीडियम पुरेल. त्यात 100 मिमीच्या मापाला ±0.3 चालतं.

कोपरा आणि टॉलरन्स, दोन्ही सूचना कोटेशनसोबतच्या मेलमध्ये होत्या. उत्तर आलं नाही, थेट रिव्ह्यू आला.

हे दोन बदल केलेत तर एक नग साधारण 4,200 ला बसेल. 500 ला मात्र बसणार नाही. नवीन स्टेप फाइल (3D मॉडेलची) आणि ड्रॉइंग पाठवा, सुधारित कोटेशन दुसऱ्या दिवशी देतो.

— वर्कशॉपचा मालक, भोसरी एमआयडीसी