सोरायसिस : ट्यूब कोणती ते सगळे विचारतात, किती लावायची ते कुणीच विचारत नाही

सोरायसिस म्हणजे कातडीवर खपल्यांचे जाड चट्टे उठवणारा, पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा आजार. त्याच्या पेशंटचं पुष्कळदा औषध चुकत नाही, ते लावायची आणि थांबवायची पद्धत चुकते. आणि ती पद्धत नीट बसून सांगणारं कुणी त्याला भेटलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

क्लोबेटासोलचंच घ्या. कोपर-गुडघ्यावरच्या जाड चट्ट्यांवर उत्तम काम करणारं स्टेरॉइड मलम. पण होतं काय, आठवड्यात खाज थांबली की ट्यूब कपाटात, महिन्याने चट्टा परत, की ट्यूब परत बाहेर. असं वर्षानुवर्षं. दुसरीकडे ‘स्टेरॉइड’ शब्दाने घाबरलेली माणसं मोहरीएवढं मलम चार चट्ट्यांवर पुसतात आणि गुण येत नाही म्हणतात.

माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूब दाबून मलमाची एक रेघ काढा. हे झालं साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, जेवढी जागा झाकतील तेवढ्या जागेला हे पुरतं. दोन्ही कोपर आणि दोन्ही गुडघे मिळून चार तळहातांएवढे चट्टे असतील, तर एका वेळेला दोन रेघा. दिवसातून दोनदा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. ती सहा महिने पुरत असेल तर उपचार झालेलाच नाही.

पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. क्लोबेटासोल डॉक्टरांना न विचारता दोन आठवड्यांपुढे सलग लावू नका, आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीच नाही. चेहरा, काख, जांघ, स्तनांखाली तर स्वतःच्या मनाने मुळीच नको. तिथली कातडी पातळ होते आणि जांघेत उमटलेले पट्टे कायमचे राहतात. चट्टा सपाट झाला की एकदम बंद करायचं नाही. एक दिवसाआड, मग फक्त शनिवार-रविवार, असं उतरत यायचं. मधल्या दिवसांसाठी डॉक्टर बहुधा कॅल्सिपोट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचं, स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. त्यावर खपल्या सैल करणारं सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लावलं की कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं, म्हणून दोन्ही एका वेळी एका जागी नको.

खपल्या नखाने काढायची सवय मोडा. निरोगी कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. त्यामुळे पेशी कच्च्याच वर येतात आणि थरावर थर साचतात. खपली ओढली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. सोरायसिस उसळलेला असताना कातडीला जिथे इजा होते, तिथे दहा-पंधरा दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. कमरेत परकराची नाडी काचते त्या रेघेवर, पट्ट्याच्या बकलाखाली, चपलेचा पट्टा घासतो तिथे नीट बघा. नाडीऐवजी रुंद, मऊ इलॅस्टिक वापरलं तरी फरक पडतो. अंग घासायचा दगड आणि काथ्या न्हाणीघरातून काढूनच टाका.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं. अंग टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत व्हॅसलीन किंवा लिक्विड पॅराफिन असलेलं क्रीम लावायचं. सगळ्या अंगाला लावायचं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं, म्हणून महागड्या छोट्या बाटल्यांमागे लागू नका, साधं आणि भरपूर घ्या. एक धोका मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. असं क्रीम मुरलेले कपडे झटकन पेट घेतात. गॅस, चूल, देवापुढची समई यांच्यापासून जपा.

डोक्यातल्या सोरायसिसला कोंडा समजून लोक नुसते शाम्पू बदलत राहतात. जाड खपल्यांवर रात्री खोबरेल तेल मुरवा आणि सकाळी रुंद दातांच्या फणीने हळू सोडवा. डॉक्टरांनी दिलेलं लोशन केसांना नाही, भांग पाडत पाडत टाळूला लावायचं. कोल टारचा (कोळशाच्या डांबराचा) शाम्पू पाच-दहा मिनिटं राहू द्यायचा, नाहीतर काम होत नाही.

गजकर्ण समजून स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मिश्र मलम लावणं ही आणखी एक नेहमीची चूक. शंका असेल तर खपली खरवडून बुरशीची तपासणी करून घ्या, साधी आणि स्वस्त आहे.

आता सगळ्यात कळकळीचं. ‘मुळापासून घालवतो’ म्हणून बिननावाच्या पुड्या देणाऱ्यांकडे जाऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. आठ दिवसांत अंग लख्ख होतं, आणि पुडी थांबली की आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. सगळं अंग लालबुंद, पुवाने भरलेल्या बारीक फोड्या, ताप, थंडी असं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, सुरू असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतल्याने जीव जाऊ शकतो. कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल गोल करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. दारू बंद, रक्ताच्या तपासण्या वेळेवर, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, पुरुषांनीसुद्धा.

वांगं, दही, मासे सोडून आजार जात नाही. जास्तीचं वजन उतरवलं आणि बिडी-सिगारेट सोडली तर मात्र फायदा होतो. आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही. घरातल्या माणसाचं ताट-टॉवेल वेगळं करू नका, त्याला ते चट्ट्यापेक्षा जास्त लागतं.

शेवटचं, सांध्यांचं. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का, टाच दुखते का, एखादं बोट अख्खं सुजतं का, नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे आहेत का? यातलं काहीही असेल तर पुढच्या भेटीत त्वचेच्या डॉक्टरांना चट्टे दाखवायच्या आधी हे सांगा. सोरायसिसमुळे झिजलेला सांधा परत पहिल्यासारखा होत नाही.