लोक उठणारच नाहीत म्हणे

आजच्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "मॅडम, बाकडं एवढं आरामशीर केलं तर लोक उठणारच नाहीत."

सगळे हसले. दुपारपासून ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाहीये. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हेच वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ऐकायला मिळालं असतं. मी ते याआधीही वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावरचं फर्निचर. बाकडी, बसथांबे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे, झाडाभोवतीचे ओटे. घरातला सोफा चुकला तर एक घर कुरकुरतं आणि पुढच्या दिवाळीला तो बदलतं. रस्त्यावरचं बाकडं चुकलं तर वर्षानुवर्षं माणसं त्यावर अवघडून बसतात, नाहीतर बसतच नाहीत. आणि तक्रार कुणाकडे करायची हे कुणालाच ठाऊक नसतं.

आजचा विषय साधा होता. सहा फुटांचं बाकडं, टेकायला पाठ, दोन्ही टोकांना हात. त्यांना मध्ये दोन दांडे हवेत. "म्हणजे कुणी आडवं होणार नाही." पाठ ठेवायला कुणाची हरकत नव्हती, कारण पाठीवर 'यांच्या निधीतून' असं रंगवायचं असतं.

कुणी आडवं होणार नाही! पण आडवं कोण होतं, हे या माणसांनी कधी जाऊन पाहिलंय का?

मी पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या एका स्टँडवर मी टेप घेऊन बाकड्यांची मापं घेत होते. मार्च सरत आला होता, ऊसतोडीची माणसं परतत होती. एक बाई फरशीवर चादर टाकून बसली होती. शेजारी पेटी, बोचकी, कोयता गुंडाळलेलं पोतं, आणि चादरीवर तापानं मलूल झालेलं लेकरू. समोरचं स्टीलचं बाकडं रिकामं होतं. मी म्हटलं, "ताई, वर बसा की. जागा आहे." ती म्हणाली, "मी बसल ओ बाई, पण लेकरू कुठं टाकू?"

त्या बाकड्याला दर दीड फुटावर दांडा होता.

मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. तोवर माझ्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये बसलेला माणूस होता. गुडघ्यात काटकोन, पाठ ताठ, बैठकीची उंची अठरा इंच. झोपलेलं लेकरू कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं. शिकताना आम्हाला कुणी ते काढायला सांगितलंही नव्हतं.

आता आडवं होणाऱ्यांची यादी ऐका. किनवट, औंढा, भूम इथून मोठ्या दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक. वॉर्डात एकालाच थांबू देतात, बाकीचे तिघं कुठं जाणार? पोलीस भरतीला आलेली पोरं. पहाटे पाचला मैदानावर हजर व्हायचं, म्हणून आदल्या रात्रीच येतात आणि फुटपाथवर बॅग उशाला घेऊन झोपतात. सकाळी तीच पोरं सोळाशे मीटर धावतात. दुपारची भाकरी खाऊन तासभर अंग टाकणारा मोंढ्यातला हमाल. शेवटची गाडी चुकलेली म्हातारी. यांना उठवण्यासाठी आपण दांडे बसवतोय.

होय, दारुडेही झोपतात. त्याचा त्रास बायकांना होतो, मलाही झालाय. पण दारुड्याला दांडा अडवत नाही, तो खाली लोळतो. अडते ती लेकरू घेतलेली बाई.

लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ साली काँक्रीटचं एक बाकडं बसवलं. त्यावर झोपता येत नाही, पोरांना स्केटबोर्ड घासता येत नाही, खाली काही लपवता येत नाही, पाणीसुद्धा ओघळून जातं. डिझाइनच्या जगात ते बरंच गाजलं. मी त्याचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिलेत. कारागिरी म्हणून चोख काम आहे, नाकारत नाही. पण एवढी बुद्धी कशाला खर्च झाली बघा. माणूस तिथं जास्त वेळ राहू नये म्हणून! आणि आपल्याकडे तेवढी बुद्धीही खर्च करत नाहीत. पाइपचे दोन तुकडे, चार टाके वेल्डिंग, संपलं.

बसथांब्याचंही तेच. १९६४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात ज्याँ-क्लोद दको यांनी एक व्यवहार सुरू केला: थांबा आम्ही फुकट बांधतो, देखभालही करतो, जाहिरातीची जागा आम्हाला द्या. तिथं देखभाल होते, म्हणून तिथं तो चालला. आपण त्यातली जाहिरात तेवढी उचलली. मोठ्या फलकाला तोंड रस्त्याकडे हवं, म्हणून थांब्याचं तोंड ठरतं फलकावरून. ऊन कुठून येतं हे कुणी विचारत नाही.

ऊन! याच्यावर मी रात्रभर लिहू शकते. संभाजीनगरात मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी छप्पर पुरतं. पण लोक थांब्यावर गर्दी करतात ते चार-साडेचारला, कॉलेज आणि कंपन्या सुटल्यावर. तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपं आत घुसतं आणि छपराचा काडीचा उपयोग होत नाही. तिथं हवी बाजूची जाळी. वारा येऊ देणारी, ऊन अडवणारी. आपल्या जुन्या इमारतींच्या दगडी जाळ्या बघा, हे शहाणपण या शहराला शेकडो वर्षांपासून आहे. आणि आपण बसवतो काय, तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं छप्पर! थंड देशात सूर्य हवा असतो, म्हणून तिथलं छप्पर पारदर्शक. परभणीत पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर त्याच्याखाली उभं राहून दाखवा.

म्हणून लोक थांब्यात बसतच नाहीत. पलीकडच्या लिंबाखाली उभे राहतात आणि बस दिसली की धावतात. थांबा रिकामा, लिंबाखाली पंधरा माणसं. अधिकारी ते पाहून म्हणतात, "बघा, बांधून दिलं तरी वापरत नाहीत."

माझा क्रम ठरलेला आहे. आधी सावली, मग बाकडं. मी जागा पाहायला जाते तेव्हा पहिल्यांदा झाडं बघते. कडुलिंब उत्तम, कारण त्याची पानगळ उन्हाळा तापायच्या आत उरकते आणि ऐन मेमध्ये तो हिरवागार असतो. करंज चांगला. गुलमोहर दिसायला देखणा, पण वादळात फांदी मोडते, त्याच्याखाली मी कुणाला बसवणार नाही.

मग सामान. स्टीलचा पत्रा उघड्यावर ठेवला तर दुपारी बाराच्या पुढे हात लावता येत नाही. आपला काळा दगड सुंदर आहे, टिकाऊ आहे, सावलीत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण उन्हात ठेवलात तर दिवसभर पितो ती धग रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतो. लाकूड तेवढंच तापलं तरी चटका देत नाही, कारण ते उष्णता अंगाकडे हळूहळू सोडतं. किनवटचं सागवान परवडत नाही आणि चोरीला जातं, हेही खरं. मग मी बाभळीच्या पट्ट्या लावून पाहिल्या. ज्या लाकडाची आपल्याकडे औतं आणि गाड्या झाल्या, ते माणसाचं वजन पेलणार नाही का? पेलतं. नीट सुकवावं लागतं, नाहीतर तडकतं. ठेकेदार त्याला हात लावायला तयार नसतो, कारण पाइप उद्या मिळतो आणि बाभूळ सुकवायला महिने लागतात. सगळ्यात कमी दराचं टेंडर ज्याचं, त्याचं काम. त्या दरात वाट पाहणं बसत नाही.

हे लिहितालिहिता राग जरा निवळलाय, कारण आमचे वेल्डर चाचा आठवले. चिकलठाण्याला त्यांचं शेड आहे. या सहा फुटी बाकड्याचा पहिला नमुना तिथंच झाला. मी पट्ट्यांमधलं अंतर मोजत होते, पाठीचा कोन तपासत होते. चाचांनी डबा संपवला, हात धुतले, गमछा उशाला घेतला आणि सरळ त्यावर आडवे झाले. मी काहीच बोलले नाही. अर्ध्या तासानं उठून म्हणाले, "मॅडम, नींद लग गई. मतलब काम बराबर है." मग स्वतःच ग्राइंडर घेऊन एका बोल्टचं डोकं घासून सपाट केलं, ते त्यांच्या खांद्याला टोचलं होतं. माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. खांद्याला लागलं म्हणून कळलं.

आज त्याच बाकड्यात दांडे घालायला सांगितलेत. चाचांना कसं सांगू?

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, कारण आता कुणीतरी कमेंट करणार: "आपल्या गावच्या पारासारखं काही नाही." पार मलाही आवडतो. सावली, उंची, बसायची ऐसपैस जागा, सगळं बरोबर. पण पार कुणाचा होता हो? माझ्या आजीच्या गावात बाया पारासमोरून खाली मान घालून, पदर ओढून जायच्या. माझी आजी त्या गावात जन्मभर राहिली आणि त्या पारावर एकदाही बसली नाही. गावकुसाबाहेरच्या लोकांनी तर तो लांबूनच पाहिला. सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडला जावं लागलं. माझ्या आजीचा जन्म त्याच्या आसपासचा. म्हणून मला पारापेक्षा बाकडं जवळचं वाटतं. बाकड्यावर मानाची जागा नसते. कुणाच्या शेजारी कोण बसलंय हे विचारायची सोय नसते. शहरानं आपल्याला दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि तिच्यात आपण दांडे घालतोय.

बायकांचं अजून एक. आपल्याकडे बाई बाकड्यावर कशी बसते पाहा. अगदी टोकाला, पिशवी मांडीवर, लगेच उठायच्या तयारीत. पुरुष मधोमध पाय पसरून. मी मुद्दाम काही बाकडी समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवते, पाठीमागे भिंत किंवा झाड येईल अशी, वर दिवा. मग बाया टेकतात. शेजारी तीन फूट मोकळे सोडले की व्हीलचेअरवरचा माणूस आपल्या माणसाजवळ थांबू शकतो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे आणि तीन फूट मोकळी जागा सोडायला एक रुपया लागत नाही. तरी त्यासाठी दर वेळी भांडावं लागतं.

बैठकीत शेवटी एकजण म्हणाले, दांडा म्हाताऱ्यांना उठताना धरायला लागतो. हा एकच मुद्दा मला थोडा पटला. गुडघे धरलेल्या माणसाला हाताचा आधार लागतोच, म्हणून तर दोन्ही टोकांना हात दिलेत. मधे बसणाऱ्याला आधार राहत नाही, मान्य. त्याच्यासाठी शेजारी एकट्याची खुर्ची द्या, दोन्ही बाजूंना हात असलेली. ड्रॉइंग माझ्याकडे तयार आहे. मी ते तिथंच टेबलावर ठेवलं. कुणी उघडून पाहिलं नाही.

ती बाई मला परत कधी भेटली नाही. तिची गाडी लागली तेव्हा तिनं लेकरू खांद्यावर टाकलं, एका हातात पेटी घेतली, आणि मी बोचकी उचलून दिली तर "असू द्या बाई" म्हणाली. ते लेकरू आता शाळेत असेल, किंवा आईबापाच्या मागं फडावर असेल. मी सहा फुटांचा हट्ट धरते तो तिच्यासाठी धरते. साहेबांना हे बैठकीत सांगता आलं नाही, कारण तिथं आकडे मागतात आणि माझ्याकडे एका बाईचं एक वाक्य आहे.

सोमवारी मी ड्रॉइंग पुन्हा देणार आहे. दांड्याशिवाय. दांडेच हवे असतील तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावं, खाली माझं नाव नको.

तुमच्याकडून एक हवंय. हिंगोली, धाराशिव, उदगीर, सेलू, कुठंही असाल, तुमच्या गावात लोक वाट बघत जिथं खाली जमिनीवर बसतात त्या जागेचा फोटो पाठवा. माणसांचे चेहरे नकोत. जागा, वेळ, आणि सावली कुठून येते तेवढं लिहा. स्टँड, तहसील, बँक, दवाखाना, शाळेचं गेट, काहीही चालेल. पुढच्या बैठकीत आकडे मागितले की मी हे फोटो टेबलावर मांडणार आहे.